चार बोटं पाणी

“सोड,” रणनवरे सर म्हणाले.

मी स्टिक सोडली. निम्मी धावपट्टी मागे गेली होती आणि आमचं विमान जमिनीपासून हातभर वर, टेकायचं नाव न घेता, आपलं तरंगत चाललं होतं. समोर तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे ऊस. सरांनी इंजिनाचा जोर वाढवला, आम्ही कुंपणावरून वर उठलो, आणि उसात भांगलणाऱ्या बायकांनी सवयीनं माना खाली घातल्या. महिनाभरात त्यांना मी पाठ झाले होते.

“कितीवर होतीस?”

“साठावर, सर.”

“साठावर असतीस तर टेकली असतीस. वेग जास्त होता म्हणून तरंगलीस.”

“काटा साठावरच होता, सर.”

“चौगुले, काटा काय म्हणतो ते मला सांगू नकोस. विमान काय म्हणतंय ते ऐक.”

पुढची फेरी त्यांनी स्वतः मारली. वळण घेतलं, इंजिन कमी केलं आणि शेजारच्या घरी वाटी परत द्यायला जावं इतक्या सहज विमान चुन्याच्या पट्ट्यावर टेकवलं. मी मात्र त्यांच्या हाताकडे पाहत नव्हते. काट्याकडे पाहत होते. माझ्या स्वभावातच ते आहे. पुस्तकात उतरायचा वेग साठ नॉट लिहिलाय म्हटल्यावर साठ. आई म्हणायची, हिला मीठ चवीनुसार घाल असं सांगितलं तर ही चव किती ग्रॅम असते ते विचारेल.

इंजिन बंद झालं. पंखा दोन झटके खाऊन थांबला. गप्प बसायला हवं होतं, पण बसले नाही.

“सर, तुम्ही उतरवलंत तेव्हा काटा बावन्नावर होता.”

सरांनी पट्टा सोडता सोडता माझ्याकडे पाहिलं. “बावन्नावर असतो तर आपण आत्ता उसात बसलो असतो. तू घाबरून भलतंच वाचलंस.”

“नाही सर. दोनदा बघितलं.”

ते खाली उतरले, टोपी घातली, आणि पंखावर हात ठेवून शांतपणे बोलले. त्यांचं ओरडणं परवडायचं. “हे बघ. तुझ्याबरोबरची दोन्ही मुलं एकटी उडाली. तुझे तास त्यांच्यापेक्षा जास्त झालेत. दसऱ्याला सकाळी सहा वाजता मी तुला शेवटचं तपासतो, मुहूर्तही चांगला आहे. त्या दिवशी तरंगलीस तर मी तुझ्या वडिलांना पत्र लिहितो. तू हुशार आहेस, दुसरं काहीही करशील.”

ही १९८६ सालची गोष्ट. मी बावीस वर्षांची होते. आमच्या जिल्ह्याच्या त्या लहानशा फ्लाइंग क्लबात एक धावपट्टी, एक पत्र्याचं हँगर, आणि दोघं बसतील असं एकच शिकाऊ विमान होतं. त्याला सगळे साळुंकी म्हणायचे. माझे वडील गडहिंग्लजला पोस्टमास्तर. पोरगी विमान चालवायला शिकते आहे हे त्यांनी तार आल्यासारखं गावभर वाटलं होतं. त्या गावात मी पत्राच्या मागोमाग एस्टीतून उतरायचं, हे चित्र मला काही केल्या बघवत नव्हतं. आणि त्याहून खरं सांगायचं तर मला उडायचं होतं. दुसरं काहीही मला करायचं नव्हतं.

मी तशीच हँगरमध्ये शिदूतात्यांकडे गेले.

शिदराम पांचाळ हे क्लबाचे मेस्त्री. साळुंकी उडायला योग्य आहे असं रोज सकाळी वहीत लिहून खाली सही करायचा अधिकार त्यांना होता, आणि त्या सहीशिवाय रणनवरे सरसुद्धा विमानाला हात लावत नसत. तात्या विमान असं पुसायचे की माशी बसली तरी घसरावी. फक्त एका गोष्टीला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. डाव्या पंखाखाली पुढं तोंड करून बोटभर जाडीची एक नळी होती. उडायच्या आधी विद्यार्थ्यानं जे जे बघायचं त्या यादीत ‘नळीचं तोंड मोकळं’ असं एक कलम होतं, पण पहिल्याच दिवशी तात्यांनी आम्हाला सांगून टाकलं होतं, “ती नळी तेवढी मी बघतो. तुमी तिला हात लावायचा न्हाई. फुंकायचं तर अजाबात न्हाई.” त्या नळीला रात्री लाल खणाची एक छोटी पिशवी घातलेली असायची. पिशवी तात्यांच्या बायकोनं, हौसाकाकींनी, शिवलेली. काकी आदल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर वारल्या. मी क्लबात आले ती त्यानंतर, त्यामुळे मी त्यांना कधी पाहिलं नाही. सकाळी तात्या ती पिशवी हळूच काढायचे, घडी करून खिशात ठेवायचे, आणि मग आम्ही यादीतल्या त्या कलमापुढे बरोबरची खूण करायचो.

“तात्या, वेगाचं घड्याळ चुकतंय का हो?” मी विचारलं.

तात्या चहा गाळत होते. त्यांनी गाळणी खाली ठेवली. मेस्त्र्याला असं विचारणं म्हणजे सुगरणीला तुमची आमटी विटली आहे का असं विचारणं.

“कोन म्हनलं?”

“कुणी नाही. मीच. मी साठ धरते आणि विमान तरंगतं. सर उतरवतात तेव्हा काटा बावन्नावर असतो.”

“साहेबाला सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मग?”

“दसऱ्याला शेवटचं तपासणार म्हणाले. नाहीतर घरी.”

तात्या उठले. चहा दोन कपांत ओतला, एक माझ्या हातात दिला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन साळुंकीत चढले. अर्ध्या तासात घड्याळ काढून टेबलावर आणलं. मग भिंतीवरची फळी खाली घेतली.

त्या फळीबद्दल सांगायला हवं. सलाइनची एक रिकामी बाटली, तिच्यातून निघून फळीवर उभी चढलेली सलाइनचीच पारदर्शक नळी, नळीच्या बाजूला शाळेतली फूटपट्टी ठोकलेली. बाटलीत निळी शाई घातलेलं पाणी. डॉक्टर रक्तदाब बघताना दाबतात तसला एक रबरी फुगा. हे सगळं तात्यांनी स्वतः जमवलेलं होतं.

“विमानाला येग कळतो असं वाटतंय का तुला?” तात्यांनी विचारलं.

“कळतो ना. घड्याळ दाखवतं.”

“न्हाई कळत. मोटारीला कळतो, तिची चाकं जमिनीवर फिरत्यात. हिची चाकं हवेत. हिला फकस्त वारा कळतोय. सायकलवर उताराला लागलीस की तोंडावर वारा बसतो का न्हाई? जितकी जोरात जाशील तितका जास्त. ती पंखाखालची नळी म्हंजे हिचं तोंड. समोरचा वारा तोंडात शिरून दाबतोय. आनि अंगाला बाजूला दोन बारकी भोकं हैत, तिथं वारा नुसता चाटून जातो, दाबत न्हाई. ह्या घड्याळात पातळ पत्र्याची एक बंद डबी हाय. डबीच्या आत तोंडातली हवा, भाईर बाजूची हवा. आतली जितकी जास्ती दाबंल तितकी डबी पुरीवानी फुगती. डबी फुगली की काटा सरकतो. एवढंच हाय बघ समदं.”

“म्हणजे वेग असा मोजतच नाहीत?”

“दोन हवांतला फरक मोजायचा, आनि त्याला येग म्हनायचं.”

त्यांनी फुग्याची एक नळी बाटलीला जोडली, एक घड्याळाच्या पाठीला. हळूहळू फुगा दाबला. निळं पाणी नळीत चढायला लागलं आणि घड्याळाचा काटा डुलत डुलत उठला. पाणी दीड सेंटिमीटर चढलं तेव्हा काटा तीसवर. सहा सेंटिमीटर झालं तेव्हा साठावर. अगदी साठावर, केसाचाही फरक नाही.

“दुप्पट येगाला चौपट पानी,” तात्या म्हणाले. “बोटं लाव.”

मी नळीला बोटं आडवी लावून पाहिली. माझी चार बोटं बरोबर बसली. तात्यांनी आपली लावली, त्यांची तीनच पुरली. मला एकदम गंमत वाटली. ते एवढं विमान, दोन माणसं, माझ्या वडिलांचं गावभर सांगणं, हे सगळं हवेत टिकायचं ते चार बोटं पाणी उचलणाऱ्या वाऱ्यावर.

पण गंमत फार वेळ टिकली नाही, कारण घड्याळ बरोबर होतं.

“मग चूक माझीच,” मी म्हणाले.

तात्यांनी घड्याळ फडक्यानं पुसलं. “घड्याळ तर खोटं बोलत न्हाई बघ पोरी,” ते म्हणाले, आणि मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी माझ्या कपात उरलेला चहा ओतला.

त्यानंतरचे बारा दिवस मी तरंगत काढले. साठ धरला तर तरंगायचे. मुद्दाम कमी धरावा तर छाती व्हायची नाही, कारण पुस्तकात साठच होतं आणि घड्याळ खरं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती दोन मुलं सरांचा हात बघून शिकली होती. काट्याकडे बघायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं, त्यामुळे ती मजेत उतरायची. घरी लिहिलेल्या पत्रात मी हवापाण्याबद्दल बरंच लिहिलं.

खंडेनवमी उजाडली. क्लबात ती दरवर्षी व्हायची. हँगरमध्ये सतरंजी अंथरून तिच्यावर सगळे पाने, पक्कडी, स्क्रू-ड्रायव्हर, हातोड्या मांडल्या. तात्यांची फळीही त्यांच्यात बसली. साळुंकीच्या पंख्याला झेंडूचा हार घातला. एकदा पूजा झाली की दसऱ्याला ती उतरेपर्यंत हत्यार उचलायचं नाही, हा तात्यांचा दंडक. रणनवरे सर आले, बूट काढून नमस्कार केला, प्रसादाचा पेढा तोंडात टाकला, मला “उद्या सहा” म्हणाले आणि गेले. पोरं फाटकापर्यंत सरांच्या मागे गेली. हँगरमध्ये तात्या आणि मी राहिलो.

तात्यांच्या हातात एक लाकडी करंडा होता. झाकणावरची धूळ त्यांनी तळहातानं पुसली.

“हळदीकुंकू घरवालीच लावायची,” ते म्हणाले. “वीस वर्सं. ह्या साली तू लाव.”

“मी? मला जमेल?”

“त्यात काय न जमायचं? आदी मेण, मग कुंकू. नुसतं कुंकू वाऱ्यानं उडून जातंय म्हनायची ती. कपाळाला लावतात तसंच.”

करंड्यात एका कप्प्यात मेण होतं, एकात कुंकू. झाकणाला आतून लहानसा आरसा. मी बोटानं मेण घेऊन पंख्याच्या मधोमध लावलं, त्यावर कुंकू टेकवलं. मग तिन्ही चाकांना. प्रत्येक वेळी तात्या मान हलवायचे, भाजी निवडताना शेजारी बसलेल्या सासूसारखे.

“आता नळीच्या नाकाला,” ते म्हणाले. त्यांनी लाल पिशवी काढली आणि घडी करून खिशात ठेवली.

बारा दिवस ज्या नळीचा विचार करत होते तिला मी पहिल्यांदा हात लावत होते. मेणाचं बोट मी नळीच्या तोंडावर ठेवलं. आणि तिथेच थांबले.

नळीच्या तोंडाला भोक असतं. करंगळीच्या नखाएवढं. फळीशेजारी कपाटात एक सुटी नळी पडलेली असायची, तिच्या भोकाची कड बोटाला लागायची. ही कड मला लागलीच नाही. बोटाखाली गुळगुळीत, घट्ट असा उंचवटा होता. मी वाकून पाहिलं. तोंडभर काळपट लाल कडं साचलं होतं, धूळ खाऊन दगडासारखं झालेलं. त्याच्या मधोमध मोहरी जाईल न जाईल एवढंसं छिद्र.

“तात्या, हे काय आहे?”

तात्या दुसरीकडे बघायला लागले.

“तात्या, नळी बुजली आहे. आपण घड्याळ तपासलं, पण हे तोंड तपासलंच नाही.”

“मागच्या दसऱ्याला तिनं लावलं हुतं,” तात्या म्हणाले. करंड्याचं झाकण त्यांनी बंद केलं, पुन्हा उघडलं. “दर साली ती लावायची आनि दसरा झाला की दुसऱ्या दिवशी मी कोरून काढायचो. ती म्हनायची, वर्सातनं एकदा लावती, ते बी तुमाला बघवत न्हाई. मागच्या साली दसरा झाला आनि ती आजारी पडली. मग ऱ्हायलं. मग ती गेली. मग रोज सकाळी पिशवी काढली की ते दिसायचं.” त्यांनी नळीकडे बोट केलं. “तवा भोक हुतं चांगलं. काटा हालत हुता. म्हटलं, ऱ्हाऊ दे.”

मेण होतं ते. चैत्र-वैशाखात पत्रा तापला तेव्हा ते मऊ होऊन आत ओघळलं असणार, त्यावर धूळ बसली असणार. नळीच्या पोटाला पावसाचं पाणी निथळून जायला एक बारीक भोक असतं. तोंड मोकळं असेल तर त्याचा त्रास नसतो. पण तोंडच अरुंद झालं की जेवढा वारा आत येतो त्यातला बराचसा त्या भोकातून निसटून जातो. समोरून आठ सेंटिमीटर पाणी उचलेल एवढा वारा यायचा आणि घड्याळापर्यंत सहाचाच पोचायचा. म्हणजे मी सत्तरानं यायचे आणि काटा साठ दाखवायचा. सर खरोखरच्या साठानं यायचे आणि काटा बावन्न दाखवायचा. घड्याळ खरं होतं, सर खरे होते आणि मीही खरी होते.

मला रागही आला. तो का येऊ नये? दीड महिना मी रात्री उशीत तोंड खुपसून स्वतःला मठ्ठ म्हणत होते. पण समोर तात्या करंडा दोन्ही हातांत धरून उभे होते आणि त्यांच्याकडे बघून तो राग कुठे ठेवायचा ते मला कळेना.

“आत्ता काढायला हवं,” मी म्हणाले. “उद्या सहाला माझं तपासणं आहे.”

तात्यांनी सतरंजीवरच्या हत्यारांकडे पाहिलं. फुलं वाहिलेली, अक्षता पडलेल्या. “आज हत्यार उचलायचं न्हाई.”

“तात्या.”

“न्हाई गं पोरी. वीस वर्सांत कदी उचललं न्हाई.”

मी वेणीवरचा आकडा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. तात्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला, आणि निकाल देणाऱ्या न्यायाधीशासारखा बराच वेळ विचार केला.

“हे हत्यार न्हवं,” ते म्हणाले.

“मी काढू?”

“नको. माझंच काम हाय ते.”

ते पंखाखाली मांडी घालून बसले. डाव्या हाताची ओंजळ नळीखाली धरली आणि उजव्या हातानं आकड्याचं टोक फिरवत फिरवत ते कडं कोरायला लागले. मी बॅटरी धरली. लाल चुरा तळहातावर पडत होता, एक कणही त्यांनी खाली सांडू दिला नाही. मधेच एकदा त्यांनी बाहीनं नाक पुसलं. शेवटी तुरीच्या दाण्याएवढा एक तुकडा अख्खाच सुटून आला. आत काही पडलं नाही ना ते त्यांनी बॅटरीनं दोनदा बघितलं, आणि मला म्हणाले, “आता तू बघ. यादीत हाय न्हवं तुझ्या.”

मी बघितलं. भोक गोल, काळं, स्वच्छ होतं.

मग तात्यांनी सायकल काढली.

“कुठे निघालात?”

“साहेबाकडं. सांगायला पायजे.”

“उद्या सांगा ना, तपासणं झाल्यावर. आत्ता सांगितलंत तर तुमची सही काढून घेतील.”

“रोज सकाळी वहीत लिवलंय, इमान चांगलं हाय म्हनून. खाली सही माझी. ती खोटी ठिवून मी पेढा खाऊ?” त्यांनी करंडा सायकलच्या पिशवीत ठेवला आणि पायडलवर पाय दिला. “तू जेवून झोप. सकाळी चार बोटं धर.”

मी जेवले, पण झोपले नाही. तात्यांच्या सहीची चिंता आणि माझी चिंता आलटून पालटून येत होती.

सकाळी सहाला सर हजर होते. तात्याही होते, वहीत लिहून सही करत होते, म्हणजे सही अजून शाबूत होती. मी यादी घेऊन विमानाभोवती फिरले. नळीपाशी वाकले, तोंडात बघितलं आणि मग खूण केली. सर माझ्याकडे बघत होते.

पहिली फेरी. वळण घेऊन धावपट्टीसमोर आले, इंजिन कमी केलं, काटा साठावर आणला. विमान नेहमीपेक्षा मंद वाटत होतं, वाऱ्याचा आवाज खाली आला होता. हात म्हणत होता की काहीतरी चुकतंय. मी हाताला म्हटलं गप्प बस. साठ. धावपट्टी वर आली, मी नाक उचललं, आणि चुन्याच्या पट्ट्यावर चाकं टेकली. खड्‌खड्‌ वाजत आम्ही जमिनीवर धावायला लागलो. दीड महिन्यात मी स्वतः उतरवताना हा आवाज कधी ऐकला नव्हता.

“परत,” सर म्हणाले.

दुसरी फेरीही तशीच.

“आता मी,” ते म्हणाले. तिसऱ्या फेरीला त्यांनी विमान घेतलं. या वेळी मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते काट्याकडे बघत होते. साठ. विमान टेकलं. धावपट्टीच्या टोकाला त्यांनी ते थांबवलं, इंजिन चालूच ठेवलं.

“वर्षभर मी या घड्याळाकडे बघितलं नाही, चौगुले,” ते मोठ्यानं म्हणाले, कारण इंजिनाचा आवाज होता. “हाताला कळतं म्हणून. तू बघत होतीस आणि मी तुला घाबरट म्हणालो.”

“सर, तात्यांची सही?”

“काल आला होता माझ्याकडे. अर्धी चूक त्याची, अर्धी माझी, असं सांगून परत पाठवला. सही कुठं जात नाही. पण नळी आता प्रत्येकानं स्वतः बघायची, तात्यावर सोडायची नाही.” त्यांनी पट्टा सोडला, दार उघडलं, खाली उतरले आणि रिकाम्या आसनाचा पट्टा नीट बांधून ठेवला. “एक फेरी. मी नसल्यानं हलकं लागेल, दचकू नकोस.”

दार बंद झालं. ते मागं न बघता गवतातून चालायला लागले.

त्या फेरीबद्दल मला फार सांगता येत नाही. चार मिनिटांची होती. शेजारचं आसन रिकामं होतं आणि मी मोठ्यानं बोलत होते एवढं आठवतं. वर गेल्यावर नदी दिसली, नदीवर धुकं होतं. समोरून येणारा वारा त्या नळीच्या स्वच्छ तोंडात शिरत होता आणि डबी पुरीसारखी फुगवत होता, हे मला डोळ्यांनी दिसावं तसं दिसत होतं. साठ धरला. चार बोटं. टेकले. उसातल्या बायका त्या दिवशी सणामुळे आल्या नव्हत्या याची मात्र चुटपुट लागली. त्यांनी बघायला हवं होतं.

सरांनी हात मिळवला, दोन्ही मुलांनी माझ्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं, आणि मी ओल्या कपड्यांनी हँगरमध्ये पळाले. तात्या बाहेर आले नव्हते. टेबलाशी पाठमोरे बसले होते. सतरंजीवरची पूजा उतरलेली होती, फळी त्यांच्या पुढ्यात होती.

मी आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवली आणि वाकून नमस्कार केला.

“सोनं घ्या, तात्या.”

“टेकलीस?”

“टेकले.”

“किती धरलावतास?”

“साठ.”

“पानी किती?”

मी चार बोटं दाखवली.

तात्या हसले. क्लबात आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी काड्यापेटी उघडली. आत तो तुरीएवढा लाल मेणाचा तुकडा होता. तो त्यांनी अंगठ्यानं मऊ केला, फळीवर वाकले, फूटपट्टीवर सहाचा आकडा शोधला आणि नळीच्या शेजारी, बरोबर त्या रेघेवर, तो दाबून बसवला. कपाळाला टिळा लावावा तसा.

“लई दिस वाटेत बसली हुती,” ते म्हणाले. “आता हितं बसू दे. हितं तिचा उपेग हाय.”

मला रडू आलं. ओले केस तोंडावर होते, म्हणून ते खपून गेलं.

पुढे मी बरीच वर्षं मोठी विमानं चालवली आणि आता शिकवते. तात्या रिटायर झाले तेव्हा ती फळी त्यांनी एस्टीनं मला पाठवली, जुन्या धोतरात गुंडाळून. ती माझ्या वर्गात भिंतीवर आहे. बाटली दोनदा बदलली, नळी चारदा. लाल ठिपका तोच आहे. तो निघत नाही.

नवीन मुलं आली की मी फुगा दाबते, निळं पाणी चढतं, काटा साठावर येतो आणि मी त्यांना बोटं लावायला सांगते. कुणीतरी विचारतंच, बाकी सगळे आकडे छापील आहेत, मग साठालाच हा लाल ठिपका कसला. मी म्हणते, त्या हौसाकाकी आहेत. आणि मग वेणीवरचा आकडा काढून देते आणि सांगते, जा, नळीचं तोंड बघून या.